विचारा की! यंत्र आलं की माणूस जातो कुठं?

मागच्या अंकात एवढंच विचारलं होतं, की एखादं नवीन मशीन आलं आणि घरातल्या नाहीतर गावातल्या कुणाचं काम गेलं असं तुमच्या बघण्यात आहे का. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एकानं तर पंधरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, तीही मळणी चालू असताना, त्यामुळं निम्मं मशीनच ऐकलं. सगळं छापणं शक्य नाही, सात प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच टाकली नाहीत, गावं तेवढी ठेवली.

काका, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, टॅलीही केलंय. आता सगळे म्हणतात एआय आलं, हिशेबाची कामं संपली. बाबा म्हणतात बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हाही असाच आरडाओरडा होता, काय झालं? उलट नोकऱ्या वाढल्या. मी घाबरू का नको? – एक विद्यार्थिनी, तासगाव

पोरी, तुझ्या बाबांचं अर्धं बरोबर आहे, आणि तेच अर्धं सगळे सांगत फिरतात. एटीएमचं घे. पहिलं एटीएम लंडनजवळ एनफिल्डला 1967 साली बसलं, आपल्याकडं मुंबईत 1987 ला. लोकांना वाटलं कॅशियर संपला. पण अमेरिकेत झालं भलतंच, एका शाखेला माणसं कमी लागायला लागली, त्यामुळं शाखा चालवणं स्वस्त पडलं, मग बँकांनी शाखाच जास्त उघडल्या, आणि काउंटरवरच्या माणसांचा एकूण आकडा बरीच वर्षं खाली आलाच नाही. इथवर बाबा बरोबर.

आता उरलेलं अर्धं. पूर्वी फोन लावायचा म्हणजे एक्स्चेंजमधली बाई मध्ये असायची, आपल्याकडं ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास बसलेली माणसं अजून हयात आहेत, त्यातलाच मी एक. तर 1891 साली अमेरिकेत स्ट्राउजर नावाच्या माणसानं आपोआप नंबर जोडणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट घेतलं. हा धंद्यानं मयताचं सगळं बघणारा, आणि सांगतात असं की गावातली ऑपरेटर होती त्याच्याच धंद्यातल्या दुसऱ्याची बायको, कुणाच्या घरी मयत झालं की फोन बरोब्बर नवऱ्याकडं जोडायची. म्हणून यानं ऑपरेटरच काढून टाकायचं यंत्र शोधलं! पुढं 1920 नंतर तिकडं शहराशहरात ही मशिनं बसत गेली. ऑपरेटरकी म्हणजे तरुण मुलींचं काम. झालं काय, की त्यानंतर ज्या मुली शाळेतून बाहेर पडल्या त्यांचं फारसं बिघडलं नाही, कुणी टायपिस्ट झाली कुणी हॉटेलात लागली. पण मशीन बसलं तेव्हा ज्या त्या खुर्चीत होत्या ना, त्यातल्या बऱ्याचजणी दहा वर्षांनी एकतर घरी होत्या नाहीतर हलक्या कामावर. आकडा बघितला तर सगळं ठीक, माणूस बघितला तर नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी ऑफिसात कळलं होतं. मी सांगलीत टायपिंग शिकलो 1984 ला. वीस मशिनं एकदम चालू झाली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज, ओळ संपत आली की टिंग, मग डाव्या हातानं कॅरेज ढकलायचा. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, ही दोन सर्टिफिकेटं असली की पोराचं लग्नसुद्धा ठरायचं. नोकरी लागली, आणि नव्वदच्या दशकात ऑफिसात कॉम्प्युटर आला. मी तेव्हा पस्तिशीच्या आतला, शिकलो. शेजारच्या टेबलाला एकजण होते, बावन्न वर्षांचे, कार्बन घालून सात प्रती काढायचे आणि सातवी प्रतसुद्धा वाचता यायची, खाडाखोड शोधून सापडायची नाही. साहेब लोक महत्त्वाचं पत्र असलं की त्यांच्याच टेबलावर आणून ठेवायचे. त्यांच्या हातात माउस आला की बाण सगळ्या स्क्रीनभर पळायचा. ट्रेनिंगला दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी गेले नाहीत. त्यांना कुणी काढलं नाही बरं का, पगारही तेवढाच. आवक-जावकला बसवलं, पाकिटांना तिकिटं लावायला. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं ते तिकिटं लावत होते, आणि ती मात्र अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून.

कुणी हिशेब मांडला तर आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरमुळं एकही नोकरी गेली नाही.

तर तू बावीसची आहेस आणि ते बावन्नचे होते हा मोठा फरक आहे, म्हणून घाबरू नको. पण नुसत्या एन्ट्र्या मारायचं काम जाणार हे मी लिहून देतो, त्यावर संसार उभा करू नको. तू तासगावात आहेस, बेदाण्याच्या सौद्याला जाऊन बस. पट्टी कशी होते, अडत किती, तूट कशी धरतात, कोल्ड स्टोरेजचं भाडं कुणाच्या नावावर पडतं, कोण कुणाचे पैसे किती दिवस फिरवतो, आणि जीएसटीची नोटीस आली की व्यापारी पहिला फोन कुणाला लावतो. तो फोन तुला यायला पाहिजे.

आजोबा सांगायचे की लोखंडी नांगर आला तेव्हा लोक म्हणायचे लोखंडानं जमिनीत विष भिनतं. खरंच एवढे अडाणी होते का आपले लोक? – पलूस

म्हणायचे हे खरं, अडाणी होते हे खोटं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावात सायकलचं दुकान होतं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. तो नांगर घ्यायला गिऱ्हाईक मिळायलाच दोन वर्षं गेली असं सांगतात. पुढं बेळगावची जागा सोडायला लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जमीन दिली, आणि 1910 ला तुमच्या पलूसशेजारीच कुंडल रोड स्टेशनच्या बाजूला, निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. त्याचा लाकडी नांगर गावच्या सुतारानं केलेला, बाभळीचा. सकाळी मोडला तर दुपारी सुताराच्या दारात, संध्याकाळी परत रानात. रोख एक पैसा नाही, सुगीला सुताराचं बलुतं घातलं की झालं. लोखंडी नांगर मोडला तर? बोल्ट कुठं मिळायचा, फाळ कोण द्यायचा, आणि पैसे तर रोखच मोजायचे. शिवाय तो जड, खोल जातो, एका बैलजोडीचं काम नाही, दोन-तीन जोड्या जुंपायला पाहिजेत. ज्याच्या दावणीला दोनच बैल त्यानं काय करायचं? माझं तर म्हणणं असं की हा सगळा हिशेब दारात आलेल्या विक्रेत्याला समजावत बसण्यापेक्षा 'विष होतंय' म्हणणं सोपं. जेव्हा दिसलं की या नांगरानं हरळी मुळासकट निघते, तेव्हा विष कुठं गेलं कुणालाच कळलं नाही.

सुताराचं काय झालं तेवढं आजोबांनी सांगितलं का? बलुतं हळूहळू आटलं. काही सुतार कारखान्यात शिरले, कारण लोखंड ओतायला आधी लाकडाचा नमुना लागतो आणि तो करणारा हात सुताराचाच. पण सगळ्या गावांच्या सगळ्या सुतारांना पुरतील एवढे कारखाने काय नव्हते.

आणि एक आठवलं म्हणून सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील ओगल्यांचे कंदील आणि नंतर किर्लोस्करांचे नांगर विकायला गावोगाव हिंडलेत. 1919 ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली त्याच्या मागं ही पायपीट आहे. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या पडवीत बसायला मिळतं, आणि पडवीत बसलं की घरात किती पोरं शाळेबाहेर आहेत ते मोजता येतं.

माझं वय ब्याऐंशी, नातू लिहून देतोय. आमच्या गावात इंजिनची गिरणी आली तेव्हा बायांनी नारळ फोडला. माझी सासू मात्र त्या रात्री जेवली नाही. ती कमी वयात विधवा झालेली, लोकांची दळणं दळून तिनं दोन पोरं वाढवली. पायलीमागं ओंजळभर मिळायचं. गिरणी आली आणि दळण यायचं बंद झालं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. मला सांगा, गिरणी चांगली का वाईट? – माण तालुका

आजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी जात्याबद्दल थोडं सांगतो, तुम्हाला नव्हे, ज्यांनी जातं फक्त लग्नात हळद दळताना बघितलंय त्यांना. भाकरी ज्वारी-बाजरीची, पीठ साठवलं तर कडवट होतं, म्हणजे दळायचं रोजच. घर मोठं असेल तर बाई पहाटे तीनला उठणार, एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं मूठमूठ दाण्यांची वैरण घालायची, आणि हे सगळं झाल्यावर मग दिवस सुरू, पाणी, शेण, भाकऱ्या, रान. जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्यात, मोठं काम आहे ते, पण ओव्या गोड म्हणून जातं गोड असं शहरातल्या माणसानं म्हणू नये. ज्यांचे खांदे भरून यायचे त्यांनी नारळ फोडला ते बरोबरच केलं. आमच्याही गावात डिझेल इंजिनवरची गिरणी होती, धुराड्यावर डबा बसवलेला, पुक-पुक-पुक असा आवाज पार मळ्यापर्यंत यायचा, आणि तो आला की आई म्हणायची, पळ, नंबर लाव जा. तेव्हाच्या आम्हा पोरांची अर्धी बालवाडी त्या गिरणीच्या ओट्यावर झाली म्हणा, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया आणि शेजारचीचा डबा आधी का घेतला म्हणून भांडणं.

पण दळणकांडण हा शब्द बघा. आपल्याकडं जुन्या पिढीतल्या कुठल्याही मोठ्या माणसाची कहाणी काढा, आईनं दळणकांडण करून शिकवलं हे वाक्य येतंच. त्या काळात विधवा बाईला करता येण्यासारखं काम ते कितीसं होतं? या कामाला भांडवल म्हणजे एक जातं आणि दोन हात. उंबऱ्याबाहेर जायला नको, चारचौघांत उभं राहायला नको, लोक नावं ठेवत नाहीत. गिरणीनं गावातल्या शंभर बायांचे रोजचे दोन तास वाचवले आणि दोन-तीन बायांचं पोट काढून घेतलं, आणि त्या दोन-तीन बाया नेमक्या अशा की ज्यांना दुसरं दारच नव्हतं. नवीन काम तयार झालं की, नाही असं नाही. गिरणीवाल्याचं. पण गिरणीवाला कोण, तर ज्याच्याकडं इंजिन घ्यायला पैसा होता तो, आणि तो बाप्या. जात्याला टाकी लावत फिरणारे यायचे ना तुमच्याकडं, त्यांचंही फिरणं संपलं, गिरणीवाला स्वतःच छिन्नी घेऊन दगडाला टाकी लावायला शिकला.

खडी फोडायला गेल्या म्हणालात. अशा कामांची पुढं जी रोजगार हमी झाली, तिची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे आमच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. 1977 ला कायदा झाला, 1979 पासून लागू. त्यात मुद्दामच असं होतं की काम हातानं होईल असंच काढायचं, यंत्राला लांब ठेवायचं. जी गोष्ट गिरणी आली तेव्हा तुमच्या सासूबाईंसाठी कुणाला सुचली नाही ती सुचायला एवढा मोठा दुष्काळ पडावा लागला. आता कुठं कुठं रात्रीत जेसीबी येऊन जातो आणि दिवसा मस्टर भरतं, ते राहू दे.

गिरणी चांगलीच, आजी. पण ज्या दिवशी नारळ फोडला त्या दिवशी गिरणीवाल्यानं तुमच्या सासूबाईंना डबे मोजून घ्यायला, नाहीतर धान्य निवडायला ओट्यावर बसवलं असतं, तर त्याचं महिन्याला काय जास्त गेलं असतं? पायली-दोन पायली ज्वारी. एवढीच गोष्ट होती आणि ती कुणी केली नाही.

नातवाला सांगा, अक्षर चांगलं आहे.

मी फोनवरून पैसे देत नाही म्हणून पुण्यात आयटीत असलेला मुलगा मला लुडाइट म्हणतो. ही शिवी आहे का? – विश्रामबाग, सांगली

तो शिवी म्हणून देतोय, तुम्ही मान म्हणून घ्या. 1811 ला इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या बाजूला मोजे विणणाऱ्या कारागिरांनी माग फोडायला सुरुवात केली, नेड लुड नावाचा एक कधी नसलेलाच पुढारी पुढं करून, त्यावरून हे नाव. लोक समजतात त्यांना यंत्राचा राग होता. अहो, मोजे विणायचा तो माग 1589 चा, पिढ्यान्‌पिढ्या ते त्याच्यावरच काम करत होते! राग होता तो मालकांवर, जे रुंद कापड विणून, कापून शिवून, उसवणारे मोजे बाजारात ढकलत होते आणि न शिकलेली पोरं कमी मजुरीवर ठेवत होते. सरकारनं काय केलं, तर 1812 ला कायदा केला की माग फोडला तर फाशी. कवी बायरननं लॉर्डांच्या सभागृहात उठून विरोध केला, पण कायदा झालाच, आणि 1813 ला यॉर्कमध्ये 17 जणांना फासावर दिलं. हे मुलाला सांगा एकदा जेवताना.

फोनवरून पैसे द्यायचं मात्र शिकून घ्या. भाजीवाली आता सुट्टे ठेवत नाही.

वडील मुंबईत गिरणीत होते, संपानंतर गावी आले ते परत गेलेच नाहीत. गिरण्या संपामुळं गेल्या की नवीन मशिनमुळं? – पाटण

तुमच्या प्रश्नात एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द नाही. संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि सातारा, कोकणातल्या किती घरांत त्यानंतर मनीऑर्डर यायची बंद झाली त्याची गणतीच नाही. पण काम पळवलं ते काही नव्या मशिननं नाही, जुन्यानंच. मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं कावसजी दावर नावाच्या व्यापाऱ्यानं ठरवलं ते 1854 ला, म्हणजे सव्वाशे वर्षं ही गिरणी म्हणजे आधुनिक गोष्ट. तिला खाल्लं भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी, आपल्या विट्यातही खडखडाट ऐकू येतोच की. त्यातले कितीतरी माग गिरण्यांनीच मोडीत काढलेले, भंगारातून आणलेले. तोच माग गिरणीत चालला तर त्याला युनियन, पगार, रजा, प्रॉव्हिडंट फंड, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास चालला तर यातलं काही नाही. वर पुन्हा गिरणीच्या जमिनीला कापडापेक्षा जास्त भाव येणार हे मालकांना दिसायला लागलं होतं. तेव्हा संप म्हणा, माग म्हणा, जमीन म्हणा, तिन्ही.

पाटणचे आहात म्हणून आठवण करून देतो, मुंबईत पाठीवर पोती वाहणाऱ्यांसाठी 1969 चा माथाडी कायदा ज्यांनी लढून आणला ते अण्णासाहेब पाटील तुमच्याच तालुक्यातले. गिरणी कामगाराच्या डोक्यावर छप्पर होतं, माथाडीच्या डोक्यावर नुसतं पोतं, तरी कायद्याचा आधार माथाडीला शेवटपर्यंत जास्त टिकला असं मला वाटतं. कुणाचं वेगळं मत असलं तर कळवा, भांडू.

मी गाणं शिकते. सर म्हणतात खरा तंबोरा घे, मी मोबाइलवरचा लावते. मिरजेतले तंबोरेवाले आमच्यासारख्यांमुळं बुडणार का? – मिरज

बुडायची त्यांना सवय आहे, आणि वर यायचीही. मिरजेत तंबोरे-सतारी करणारी ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारीला धार लावणारी, हत्यारं करणारी. लढाया संपल्या, इंग्रज बसला, हत्यारांना कोण विचारतो? त्यातल्या काहींनी एकोणिसाव्या शतकात वाद्यांत हात घातला. तलवारीची धार बघणारी नजर जवारीला, म्हणजे तार बोलती करायच्या बारीक कामाला, उपयोगी आली असं मी आपलं समजतो. मिरजेनं अशी उलटसुलट वळणं बरीच बघितलीत, 1805 ला पटवर्धनांच्या आश्रयानं इथं तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली होती, तेव्हा पोथ्या लिहिणारेही असेच चिंतेत पडले असतील.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंगळूरला 1979 ला आला, मोबाइलवरचा आत्ताचा. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही झुंज चालू आहे आणि तंबोरा अजून आहे, 2024 ला तर मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पण खरी अडचण तुझ्या मोबाइलची नाही, अडचण आहे ती शिकायला पोरगं येत नाही ही. पंढरपूरच्या बाजूनं भोपळा आणायचा, वाळवायचा, कापायचा, आणि शेवटी जवारी काढायची. एकदा दुकानात उभी राहून बघ, कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागते. दोन मिनिटांचं काम आणि वीस वर्षांचा हात. सध्या मोबाइल वापर, पैसे साठव, आणि बघायला मात्र या आठवड्यातच जा.

आई-वडील दोघं ऊसतोडीला जातात, जोडीचा मिळून एक कोयता धरतात. औंदा मुकादम म्हणाला पुढच्या हंगामाला कारखान्याकडं हार्वेस्टर वाढणार, टोळ्या निम्म्या. मी आयटीआयला फिटर करतोय. हार्वेस्टरवर मला काम मिळेल का? – जत तालुका

मिळेल, पण तुझ्या टोळीतल्या सगळ्यांना मिळणार नाही हे आधीच डोक्यात घे. एका मशीनवर बोटावर मोजण्याइतकी माणसं लागतात, ऑपरेटर, हेल्पर, मेकॅनिक, आणि मागं ट्रॅक्टरवाले. ऑस्ट्रेलियात ऊस कोयत्यानंच तोडायचे, सत्तरचं दशक संपेपर्यंत सगळा मशिनवर गेला. आपल्याकडं तेवढं पटकन व्हायचं नाही, कारण हार्वेस्टरला सरी रुंद पाहिजे, साडेचार-पाच फुटांची, रान सलग पाहिजे, वळायला जागा पाहिजे. दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा, पडलेला लोळलेला ऊस, ओलं रान, तिथं कोयताच जाणार. म्हणजे होणार काय, तर बागायतदाराच्या सरळ रुंद सरीतला सोपा ऊस मशीन नेणार आणि अडचणीतला, लोळलेला, पाणी लागलेला ऊस तुझ्या आई-वडिलांच्या वाट्याला येणार. दर टनावर असतो. टन तेवढाच भरायला आता जास्त दिवस लागतील, ही गोष्ट दर ठरवताना कुणी बोलत नाही, ती बोलायला पाहिजे.

आणि वाढं, म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. मशीन वाढं बारीक करून रानातच टाकतं. तोडणीवाल्याच्या बैलांची वैरण त्यावर, उरलेलं विकून रोजचा भाजीपाल्याचा खर्च त्यावर, आणि गावातल्या म्हशीवाल्यांनाही ते स्वस्तात मिळायचं. हार्वेस्टरच्या हिशेबात हे कुणी धरतच नाही.

तुझं म्हणशील तर फिटर पूर्ण कर, अर्ध्यात सोडू नको, आणि हायड्रॉलिकचं काम जिथं मिळेल तिथं सुट्टीत फुकट का होईना कर. हंगामात रात्री दोन वाजता रानात होज फुटला की मालक सर्टिफिकेट विचारत नाही, कुणाला जमतं एवढंच विचारतो.

पण त्याच्या आधी घरचं एक काम आहे. पुढच्या वर्षी टोळी नाही म्हटल्यावर मुकादम उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब काढणार, आणि तो त्याच्याच वहीतून काढणार. तू शिकलेला आहेस, एक वेगळी वही घाल. उचल किती घेतली, कुठल्या तारखेला, कुणासमोर. रोज किती टन पडला त्याच्या पावत्या पिनेनं लावून ठेव. हंगाम संपायच्या आठ दिवस आधी मुकादमाला घरी बोलाव, चहा दे, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून टोळीतल्या चार माणसांसमोर मोठ्यानं वाचून दाखव. सही देत असेल तर घे. देत नसेल तर त्या चौघांचे अंगठे घे, तारीख टाक, आणि मला कळव.